‘पिकू द्या, मग बघू’: मोतीबिंदूच्या एका जुन्या सल्ल्याचा इतिहास

गेल्या महिन्यात एक आजी मुलासोबत दवाखान्यात आल्या. वय बहात्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. रक्तदाब एकदम खाली आला होता आणि चक्कर येत होती. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली, तेव्हा उलगडा झाला. दोन पाकिटं जवळजवळ सारखी दिसत होती. साखरेची गोळी समजून आजी दोन वेळा रक्तदाबाचीच गोळी घेत होत्या.

“आजी, नीट दिसत नाही का?”

“दिसतं की. जरा धुरकट दिसतं. मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही.”

मुलगा वैतागून म्हणाला, “डॉक्टर, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलंय. ही ऐकतच नाही.”

त्यावर आजींनी मला सरळ विचारलं, “आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पिकल्याशिवाय हात लावायचा नाही. ते डॉक्टर काय खोटं बोलले?”

प्रश्न रास्त आहे. आजींच्या सासूबाईंना सल्ला देणारे डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि आज ‘थांबू नका’ म्हणणारे डॉक्टरही खोटं बोलत नाहीत. मधल्या काळात शस्त्रक्रिया बदलली, सल्ला मात्र घराघरात जुनाच राहिला. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मोतीबिंदू म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. मसुराच्या दाण्याच्या आकाराचं आणि काचेसारखं पारदर्शक. बाहेरून आलेला प्रकाश ते मागच्या पडद्यावर नीट जुळवतं. हे भिंग प्रथिनांचं बनलेलं असतं. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना पारदर्शक असतो आणि उकडल्यावर पांढरा होतो. भिंगातल्या प्रथिनांचंही वयानुसार हळूहळू साधारण तसंच होतं. भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणायचं. अगदी पांढरा झालेला मोतीबिंदू बाहुलीतून मोत्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. मधुमेह, डोळ्याला लागलेला मार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि धूम्रपान यांमुळे तो लवकर येऊ शकतो.

म्हणजे डोळ्यावर कुठलाही पडदा किंवा साय येत नाही, डोळ्यातलं भिंगच बदलतं. आज हे साधं वाटतं, पण हे कळायला माणसाला फार वेळ लागला.

सुश्रुतांची शलाका

मोतीबिंदूवरच्या शस्त्रक्रियेचं फार जुनं आणि तपशीलवार वर्णन आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. कफामुळे होणाऱ्या ‘लिंगनाश’ या विकारावर तिथे उपाय सांगितला आहे. रुग्णाला बसवायचं आणि स्वतःच्या नाकाकडे बघायला सांगायचं. मग जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या शलाकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागात ठराविक जागी छेद घ्यायचा. डावा डोळा असेल तर वैद्याने उजवा हात वापरायचा, उजवा असेल तर डावा. नंतर तूप लावून पट्टी बांधायची आणि रुग्णाला उताणं झोपवायचं. खोकणं, शिंकणं, थुंकणं, ढेकर देणं या सगळ्याला मनाई. असं पथ्य दहा दिवस.

यात भिंग बाहेर काढलं जात नव्हतं. सुईने ते ढकलून डोळ्याच्या आत खाली पाडलं जायचं. वाट मोकळी झाली की प्रकाश आत जायचा आणि रुग्णाला माणसं ओळखू यायची. भिंगच नसल्याने दृष्टी धूसरच राहायची, पण पूर्ण अंधारात बसलेल्याला उजेड मिळाला तर तो थोडका नव्हता.

‘पिकू द्या’ या सल्ल्याचं पहिलं मूळ इथे आहे. पूर्ण तयार झालेलं कडक भिंग एकसंध खाली सरकतं. अर्धवट तयार भिंग सुई लागताच फुटायचं, त्यातला गर डोळ्यात पसरायचा, डोळा सुजायचा आणि अनेकदा कायमचा जायचा. शिवाय थोडंफार दिसणारा डोळा अशा धोक्यात कोण घालेल? त्यामुळे वाट बघणं हेच शहाणपणाचं होतं.

ही सुईची पद्धत जगभर चालली आणि फिरत्या सुईवाल्यांच्या हातात गेल्यावर तिची पार रया गेली. युरोपात जॉन टेलर नावाचा इंग्रज नेत्रवैद्य गावोगाव गाजावाजा करत फिरायचा. १७५० साली त्याने थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. बाख यांची दृष्टी परत आली नाही आणि त्याच वर्षी जुलैत ते वारले. पुढे दुसरे मोठे संगीतकार हँडल यांच्यावरही टेलरने उपचार केले, तेही अंधच राहिले.

आपल्याकडेही हे सुईवाले विसाव्या शतकापर्यंत गावोगाव फिरत होते. पट्टी बांधायची, ‘इतके दिवस उघडू नका’ असं सांगायचं, पैसे घ्यायचे आणि पट्टी सुटायच्या आत पुढचं गाव गाठायचं. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयातले डॉ. रॉबर्ट हेन्री इलियट यांनी असे बिघडलेले असंख्य डोळे तपासले आणि १९१७ साली लंडनमध्ये त्यावर व्याख्यानं दिली. हीच माहिती पुढे पुस्तकरूपाने आली. डोळ्याच्या ऑपरेशनची जी भीती आपल्या समाजात खोलवर बसली आहे, तिची काही मुळं या फसवणुकीतही असणार.

भिंग बाहेर आलं

मोतीबिंदू म्हणजे भिंगासमोर साचलेला दाट द्रव आहे, असं अनेक शतकं मानलं जात होतं. १७०५ साली फ्रेंच शल्यवैद्य ब्रिसो यांनी एका मृत सैनिकाच्या डोळ्याचं विच्छेदन केलं, तेव्हा त्यांना भिंगच गढूळ झालेलं आढळलं. या म्हणण्याला सुरुवातीला बराच विरोध झाला.

पुढचं पाऊल जाक दाव्हिएल यांनी टाकलं, तेही फ्रेंचच. १७४७ साली एका रुग्णाचं भिंग सुईने खाली पाडताना त्यांना यश येईना. तेव्हा त्यांनी बुबुळाच्या कडेला छेद घेतला आणि भिंग बाहेरच काढलं. काही वर्षांनी अशा अनेक शस्त्रक्रियांचा अहवाल त्यांनी पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवला. मोतीबिंदू ‘काढण्या’ची सुरुवात इथून मानतात.

हे सगळं भूल न देता चालायचं. रुग्णाला धरून ठेवायला माणसं लागायची. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी कोकेनचे थेंब डोळ्यात घातले, तर डोळा बधिर होतो हे दाखवलं. मोतीबिंदूच्या रुग्णाची वेदना त्यानंतर खऱ्या अर्थाने थांबली.

तंजावरचे मराठी राजे आणि डोळ्यांचे कागद

या इतिहासातलं एक पान मराठी माणसाने आवर्जून वाचावं असं आहे. तंजावरला भोसल्यांची गादी होती. तिथले दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी मोठं केलं हे अनेकांना माहीत असतं. पण त्यांना वैद्यकाचा आणि त्यातही डोळ्यांच्या आजारांचा विशेष ध्यास होता. आपल्याकडचं आणि युरोपचं असं दोन्ही वैद्यक त्यांच्या ‘धन्वंतरी महाला’त एकत्र नांदत होतं.

त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आजही सरस्वती महालात आहेत. रुग्णाची तक्रार, तपासणी, दिलेला उपचार आणि झालेला परिणाम असं सगळं त्यांत लिहिलेलं आहे, सोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं. आज आपण ज्याला केस पेपर म्हणतो, तेच हे काम, दोनशे वर्षांपूर्वीचं. गावोगाव फिरणारे सुईवाले मागे नोंद ठेवत नव्हते, तंजावरला ठेवत होते. वैद्यक पुढे जातं ते अशा नोंदींमुळेच.

शिबिरं, हिवाळा आणि जाड चष्मा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात जालंधरला लेफ्टनंट कर्नल हेन्री स्मिथ हजारो मोतीबिंदू काढत होते. त्यांची पद्धत भिंग त्याच्या पिशवीसकट बाहेर काढायची होती. जगभरचे सर्जन ती बघायला तिथे यायचे. पुढे मोगा इथले डॉ. मथुरादास पाहवा आणि कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्यांनी नेत्रशिबिरं थेट लोकांच्या दारात नेली. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आपल्याकडे शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालयं यांमधून शिबिरं होऊ लागली.

मी स्वतः नव्वदच्या दशकात इंटर्न असताना अशा शिबिरांत राबलो आहे. शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीने रुग्ण झोपलेले असायचे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि ‘आजोबा, मान हलवू नका’ असा दिवसभर आमचा घोष. छेद मोठा, दहा-बारा मिलिमीटरचा आणि त्याला टाके. जोरात खोकला आला तरी टाके सुटायची भीती. सुश्रुतांनी सांगितलेलं शिंकण्या-खोकण्याचं पथ्य तोपर्यंत फारसं बदललेलं नव्हतं!

शिबिरं बहुतेक हिवाळ्यात व्हायची. सुगी उरकलेली असे, माशा कमी असत आणि पट्टी बांधून पडून राहणाऱ्याला घामाचा त्रास होत नसे. त्यातून ‘डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करायचं’ हा समज पक्का झाला. आज शस्त्रक्रिया वातानुकूलित थिएटरमध्ये होते, छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. त्यामुळे ऋतूचा प्रश्न उरलेला नाही.

आता ‘पिकू द्या’च्या दुसऱ्या कारणाकडे येऊ. त्या काळी भिंग काढलं की त्या जागी काहीच बसवत नसत. मग भिंगाचं काम चष्म्याने करायचं, साधारण दहा नंबरचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यातून वस्तू जवळजवळ पाव पटीने मोठी दिसायची आणि कडेचं दिसायचं नाही. समजा एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरा डोळा अजून चांगला आहे. मग एक डोळा मोठी प्रतिमा बघणार आणि दुसरा नेहमीची. मेंदूला त्या दोन्ही जुळवता येत नाहीत. पायरी चुकायची, पाणी भांड्याबाहेर ओतलं जायचं. म्हणून दोन्ही डोळ्यांनी पुरेसं दिसेनासं होईपर्यंत थांबा, असं डॉक्टर सांगायचे. आजींच्या सासूबाईंना मिळालेला सल्ला हा होता आणि त्या काळापुरता तो अगदी बरोबर होता.

विमानाच्या काचेचा तुकडा

हे चित्र बदललं ते लंडनमधल्या एका निरीक्षणामुळे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांवर मारा झाला की वैमानिकाच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचे तुकडे उडून त्याच्या डोळ्यात घुसायचे. डोळ्यात बाहेरचं काही शिरलं की सहसा डोळा चिडतो आणि सुजतो. पण हे तुकडे एका विशिष्ट प्लॅस्टिकचे असले, की डोळ्यात मुकाट पडून राहतात, हे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. मग त्याच प्लॅस्टिकचं भिंग करून डोळ्यात का बसवू नये?

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. पण कौतुकाऐवजी त्यांच्यावर टीकाच झाली. डोळ्यातून परकी वस्तू काढायची हे नेत्रतज्ज्ञाचं काम, आणि हा माणूस ती आत घालतो! सुरुवातीच्या भिंगांमुळे गुंतागुंतही बरीच व्हायची, त्यामुळे टीका अगदीच अनाठायी नव्हती. सुधारणा होत होत ही भिंगं सर्वमान्य व्हायला तीसेक वर्षं लागली. म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशीच भिंगं बसली आणि २००० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

१९६७ साली न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी दुसरी अडचण सोडवली. दंतवैद्य दात साफ करायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात, त्यावरून त्यांना कल्पना सुचली. ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतल्या आत फोडायचा आणि शोषून घ्यायचा. हीच आजची फेको पद्धत. लोक तिला सर्रास ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात, पण नेहमीच्या फेकोमध्ये लेझर नसतो.

हे भिंग परदेशातून यायचं तोवर गरिबाला परवडणारं नव्हतं. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्याच बोटांनी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. १९९२ साली त्यांच्या संस्थेने ऑरोलॅबमध्ये भिंगं बनवायला सुरुवात केली आणि किंमत कित्येक पटींनी उतरली. पुढे १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्रही होता. हळूहळू शाळेच्या वर्गातलं ऑपरेशन थांबलं आणि साध्या शेतकऱ्याच्या डोळ्यातही भिंग बसू लागलं. जाड चष्मे दिसेनासे झाले.

माझ्याकडून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगतो. सांगताना अजून अवघडल्यासारखं होतं.

प्रॅक्टिस सुरू करून फार वर्षं झाली नव्हती. ओळखीतले एक निवृत्त शिक्षक बीपी तपासायला यायचे. एकदा म्हणाले, “डॉक्टर, उजव्या डोळ्याने अंधुक दिसतं.” मी टॉर्च टाकून पाहिलं आणि शिबिरात शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य मीही बोललो, “मोतीबिंदू आहे, पण पिकू द्या. घाई नाही.” मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हतो. त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायला हवं होतं, पाठवलं नाही.

वर्षभराने एका रात्री ते आले. डोळा लालभडक, डोकं फुटेल अशी वेदना, उलट्या. पिकलेलं भिंग फुगलं होतं, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडली होती आणि दाब भयंकर वाढला होता. म्हणजे मोतीबिंदूतून काचबिंदू झाला होता. तातडीने हलवलं, शस्त्रक्रियाही झाली. पण त्या दाबाने डोळ्याची नस गेली होती. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. उरलेल्या एका डोळ्याने वर्तमानपत्र वाचत राहिले.

तेव्हापासून ‘पिकू द्या’ हे शब्द मी वापरत नाही.

मग आज काय करायचं?

आज पिकलेला मोतीबिंदू सोपा नसतो, उलट अवघड असतो. भिंग जितकं कडक, तितकी ते फोडायला जास्त ध्वनिशक्ती लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणजे सल्ला पूर्ण उलटा झाला आहे.

याचा अर्थ मोतीबिंदू दिसला की उद्याच ऑपरेशन, असाही नाही. तुमची रोजची कामं अडत असतील तर ती वेळ आली असं समजा. गोळ्यांची नावं वाचता येत नाहीत, पायरी दिसत नाही, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, तांदूळ निवडता येत नाहीत. या गोष्टी डॉक्टरांना सांगा. नेत्रतज्ज्ञ पडदा आणि डोळ्याचा दाब तपासूनच निर्णय घेतात, कारण अंधुक दिसण्याची इतर कारणंही असतात. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी करायलाच हवी.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा:

- कुठल्याही थेंबांनी किंवा मधाने मोतीबिंदू विरघळत नाही. पैसे आणि वेळ घालवू नका.
- ऑपरेशनआधी साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.
- प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल, तर डोळ्यांच्या सर्जनला आधी सांगा. या गोळीने बाहुली ढिली पडते, सर्जनला तशी तयारी ठेवावी लागते.
- ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दाखवा. उद्यावर ढकलू नका.
- काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं, तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते. त्यासाठी मात्र खरोखर लेझर असतो, काही मिनिटांचं काम.

आजींना मी हे सगळं, अर्थात थोडक्यात, सांगितलं. शेवटी म्हणालो, “आजी, तुमच्या सासूबाईंचे डॉक्टर बरोबर होते. पण आज ते असते, तर त्यांनीही तुम्हाला थांबू नका असंच सांगितलं असतं.”

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, “त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आहे का तुझ्याकडे?”

ऑपरेशन होईपर्यंत एक साधी युक्ती केली आहे. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटाला लाल दोरा बांधला आहे, साखरेच्या पाकिटाला काही नाही. तुमच्या घरात कुणी असंच ‘पिकण्याची’ वाट बघत बसलं असेल, तर आज संध्याकाळी त्यांची गोळ्यांची पिशवी एकदा तुम्हीही उघडून बघा.